दोष सिंथेसायझरचा नव्हे

सिंथेसायझरने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आवाज निर्माण करणाऱ्या वाद्याने, वादकांना हद्दपार केले, असे सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. तो पटला नाही. ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स यांचा २०२१चा ‘प्रॉमिसेस’ हा अल्बम लेखकाने जरूर ऐकावा. सॅक्सोफोनवर तेव्हा ८० वर्षांचे असलेले फॅरो सँडर्स, साथीला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची तंतुवाद्ये. सात सुरांची एक छोटी आकृती जवळजवळ अखेरपर्यंत तंबोऱ्यासारखी फिरत राहते आणि तिच्या आधाराने सॅक्सोफोन निवांत बोलतो. ज्येष्ठ वादकाला इतकी मोकळी जागा क्वचितच मिळते! वादकांचे काम जाते ते मानधन वाचवू पाहणाऱ्या निर्मात्यांमुळे. निदान ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव तरी त्यांनी श्रेयनामावलीत द्यावे.

– एक संगीतप्रेमी वाचक, ठाणे