सूचना : आठवणींचं पुस्तक छापणाऱ्या सभासदांसाठी

नमस्कार मंडळी. नातवंडांसाठी बालपणीच्या आठवणी छापून घेणाऱ्यांनी मजकूर येत्या शनिवारपर्यंत युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी लिहितो त्याच पद्धतीत) टाइप करून द्यावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलताना जोडाक्षरं फुटतात आणि मग मुद्रितं तपासणाऱ्याचा जीव जातो. फोटो व्हॉट्सॲपवर नकोत, तिथे ते बारीक होतात. 300 डीपीआयला (म्हणजे दर इंचाला 300 ठिपके) स्कॅन करून ईमेलने पाठवा. अल्बमला चिकटलेले ओढून काढू नका, अल्बमसकट आणा.

वीस-पंचवीस प्रतींना डिजिटल छपाईच परवडते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्याकडे मोफत मिळतो, पण घरातच वाटायच्या पुस्तकाला तो लागत नाही.

लिहिताना पदव्या, बदल्या, बढत्या थोडक्यात उरका. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी कुणी रंगवला, नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत 'घेऊन जा गे मारबत' ओरडायला कुणाच्या खांद्यावर बसून गेलात, मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची पाळी कुणाची असे, हे मात्र सविस्तर येऊ द्या. नातवंडं तेच वाचणार. वाटणीचे, भाऊबंदकीचे किस्से संबंधितांना आधी दाखवा. नंतर पानं फाडता येत नाहीत.

आणि मुखपृष्ठावर संत्र्याऐवजी दुसरं काही सुचलं तर बघा बुवा!