फवारणीला निघण्यापूर्वी फुप्फुसांविषयी

तालुका राळेगाव, जि. यवतमाळ

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

पोळ्याला घरी आल्यावर काकांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, कीटकनाशकाच्या फवारणीला जाणार आहेस आणि नाकातोंडाला रुमाल बांधला म्हणजे भागते, असे तू परवा फोनवर म्हणालास. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलाने श्वसनसंस्थेची आकृती नावांसह बिनचूक काढावी आणि शेतात मात्र रुमालावर विसंबावे, हे आरोग्य उपकेंद्रात काम करणाऱ्या तुझ्या आईला पटले नाही. फोनवर वाद झाला असता, म्हणून लिहिते आहे.

नाकातील केस आणि चिकट श्लेष्मा हवेतील मोठे कण, साधारणपणे 10 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे, बहुतेक अडवतात, आणि आत जाणारी हवा तेथेच उबदार व दमट होते. पुढे घसा, स्वरयंत्र आणि 10 ते 12 सेंटिमीटर लांबीची श्वासनलिका लागते. तिच्या कूर्चेच्या 16 ते 20 कड्या मागच्या बाजूला अपुऱ्या असतात, कारण तेथे अन्ननलिका टेकलेली असते आणि घास उतरताना तिला फुगायला जागा लागते. श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात. त्यांपैकी उजवा अधिक रुंद आणि सरळ उतरणारा असल्यामुळे मुलाने हसताना गिळलेला भुईमुगाचा दाणा बहुधा उजव्या फुप्फुसात अडकतो. लहान मुलांच्या हाती अख्खे दाणे देऊ नका, असे मी अंगणवाडीत सांगते, ते यासाठीच. श्वासमार्गाच्या अस्तरावरील सूक्ष्म केसल अडकलेला कण श्लेष्म्यासह घशाकडे वर ढकलत राहतात आणि आपण तो नकळत गिळतो किंवा खोकून टाकतो.

आता हे लक्षात घे की, ही सारी व्यवस्था मातीच्या धुळीसाठी पुरेशी असली, तरी औषधाच्या तुषारांसाठी नाही. ओलसर अस्तरावर बसलेला तुषार केसलांनी बाहेर लोटण्याआधीच त्यातील विष अस्तरात शोषले जाऊ लागते, आणि जो घशाकडे ढकलला जातो तो पोटात जातो. त्यांतले जे अगदी बारीक, ते थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोहोचतात. श्वासनलिकेपासून सुमारे 23 वेळा फाटे फुटत गेल्यावर हे वायुकोश येतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या सुमारे तीस ते पन्नास कोटी आहे. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 70 चौरस मीटर भरते, म्हणजे जवळपास पाऊण गुंठा, आणि हवा व रक्त यांच्यामधील पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीचा असतो. शरीरातील सुमारे पाच लिटर रक्त दर मिनिटाला तेथून एकदा जाते. ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर, ही देवाणघेवाण एका सेकंदाच्या आत उरकावी म्हणून निसर्गाने हा पडदा इतका पातळ आणि इतका विस्तीर्ण ठेवला आहे. तिथवर आलेल्या विषालाही तीच वाट मोकळी असते.

त्यातून विश्रांतीत आपण एका श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा घेतो, त्यातील 150 मिलिलिटर वाटेतल्या नळ्यांतच राहते, आणि मिनिटाचे मोजले तर सहा ते आठ लिटर होतात. पाठीवर भरलेला पंप घेऊन चिखलातून चालणारा माणूस याच्या अनेक पट हवा ओढतो, आणि दम लागला की तोंडाने ओढतो, म्हणजे नाकाची चाळणीही बाजूला पडते. रुमालाच्या विणीतून बारीक तुषार आणि वाफ सहज जातात. तो भिजला तर तेच औषध ओठांना आणि कातडीला तासन्‌तास चिकटून राहते. कातडीतून जाणारे विष तर अनेकदा श्वासातून जाणाऱ्यापेक्षा जास्त असते.

यापुढचा भाग तुझ्या आकृतीत नसेल. फुप्फुसांना स्वतःला फुगवणारे स्नायू नसतात. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतील दाब कमी होतो आणि हवा आत येते. हा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून मज्जातंतूंद्वारे येतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे मज्जातंतूचा संदेश पोहोचल्यावर तो थांबवणारे विकर निकामी करतात आणि तीन ठिकाणी एकदम घाव घालतात: श्वासमार्ग आकसून स्रावांनी भरतात, श्वासपटल लुळे पडते आणि मेंदूचा हुकूमही मंदावतो. ॲट्रोपिन या उताऱ्याने स्राव आटतात, पण लुळेपणा जात नाही. तेव्हा कृत्रिम श्वासयंत्रच लागते. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा तू लहान होतास.

यंदा तू पंप उचलायचा नाहीस, औषधही कालवायचे नाहीस. काकांना मी सांगितले आहे की, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि वाफ शोषणारी डबी असलेला मास्क यांशिवाय, तसेच वाऱ्याच्या उलट दिशेने, कोणीही फवारायचे नाही. एखाद्याला मळमळ, लाळ, घाम, धूसर दिसणे किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवा, स्वतः हातमोजे घालूनच, आणि औषधाच्या डब्यासह त्याला लगेच ग्रामीण रुग्णालयात न्या. दूध किंवा ताक पाजत वेळ घालवू नका. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला आणि ‘आता बरा आहे’ म्हणाला, तरी डॉक्टरांनी सोडल्याशिवाय घरी आणू नका. कारण या विषात एक ते चार दिवसांनी, वरवर सुधारलेल्या माणसाचेही श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात.

तुझी
आई