सूर्य जवळ येत नाही, डोक्यावर येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की 'या नऊ दिवसांत सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो' हे वाक्य बातम्यांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून दरवर्षी न चुकता वाचायला मिळते, आणि मग गावच्या पारावर तेच शास्त्र म्हणून सांगितले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर; जुलैच्या पहिल्या आठवड्यात हे अंतर वाढून सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. म्हणजे आमचे शेतकरी शेकोटीच्या आधाराने रात्री हरभऱ्याला पाणी देतात (वीजच रात्रीची, इलाज नाही), तेव्हा सूर्य आपल्या सर्वांत जवळ असतो.

नवतपा मात्र खोटा नाही. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्रात जातो आणि नागपुरात तो २६ मेच्या आसपास भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. जुन्या माणसांचे निरीक्षण पक्के होते, अंतराचे कारण आपण मागाहून चिकटवले. खरे कारण पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांनी कललेल्या अक्षात आहे, आणि ते पाहायला अंगणात रोवलेली एक काठी पुरते. २२ डिसेंबरला भर दुपारी विदर्भात काठीची सावली जवळजवळ काठीइतकीच लांब पडते, तर मेअखेरीस ती काठीच्या बुडाशी नाहीशी होते. तिरपे ऊन जास्त जमिनीवर पसरते, त्यामुळे प्रत्येक हात जमिनीच्या वाट्याला ते कमी येते. शिवाय डिसेंबरात दिवस अकरा तासांचाही नसतो, मेअखेरीस तो तेरा तासांच्या वर जातो.

आता कोणी विचारेल की सर्वांत मोठा दिवस २१ जूनचा, मग तोपर्यंत उन्हाळा का उतरतो? ढगांमुळे, हे तर आहेच. पण पहिल्या पावसाने भिजलेली काळी जमीन आलेल्या उन्हाचा मोठा हिस्सा पाण्याची वाफ करण्यात खर्च करते, हेही त्याचे कारण आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीत हजार वॅटचा हीटर सुमारे ४० मिनिटे चालेल. मेमध्ये भेगाळलेल्या रानात वाफ व्हायला पाणीच नसते, म्हणून तीच ऊर्जा माती आणि हवा तापवते. माठ आणि कूलर याच हिशेबावर चालतात, आणि जुलैच्या दमट हवेत कूलर निकामी ठरतो तोही याच हिशेबाने.

ऊन आणि तापमान एकच मानण्याचा घोळ सौर पंपांबाबत अधिक महाग पडतो. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, अशी आमच्याकडे सर्वांची समजूत आहे. सोलरच्या प्लेटा पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण पाचव्या हिश्श्याची वीज करतात, बाकीच्याची बव्हंशी उष्णता होते, आणि प्लेट २५ अंशांच्या वर जसजशी तापते तसतशी दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वीज घटते. मेच्या दुपारी ६५ अंशांवर गेलेली प्लेट म्हणूनच १५ टक्क्यांच्या आसपास मार खाते. सकाळी सव्वादहाला आणि दुपारी दोनला सूर्य जवळपास सारख्याच उंचीवर असूनही दुपारची धार बारीक दिसते. शेजारच्या एका शेतकऱ्याने गेल्या उन्हाळ्यात याच कारणाने मेकॅनिक बोलावला. पंपात दोष निघाला नाही, पैसे मात्र द्यावे लागले. (विहीर खाली गेली होती, हेही खरे.) प्लेटांवरची धूळ ऊन चढण्यापूर्वी धुतली आणि त्यांच्याखाली वारा खेळता राहिला, तर थोडा फरक पडतो.

आपणास विनंती अशी की, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तापमानाच्या तक्त्याशेजारी प्रत्येक जिल्ह्याच्या शून्य सावलीची तारीख आणि वेळ छापावी. चंद्रपुरात ती साधारण २० मेला येते, नागपुरात २६ला, आणि वेळ घड्याळातल्या बाराची नसून बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराची असते. विदर्भातल्या शाळा त्या दिवसांत बंद असतात, आणि जुलैत सूर्य परत फिरताना पुन्हा डोक्यावर येतो तेव्हा आभाळ भरलेले असते, त्यामुळे ही तारीख मुलांपर्यंत पोहोचली तर वर्तमानपत्रातूनच पोहोचेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ