सुई टोचण्याआधी तळहात पाहायला शिकवणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

एबीजीसाठी, म्हणजे धमनीतल्या रक्तातील वायूंच्या तपासणीसाठी, मनगटातून रक्त घेण्यापूर्वी हाताचा रक्तपुरवठा पाहण्याची शिस्त आपण आम्हा निवासी डॉक्टरांना लावलीत, त्याबद्दल जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मनगटातील रेडियल (अंगठ्याच्या बाजूची, जिच्यात सुई टोचतात ती) आणि अल्नर (करंगळीच्या बाजूची) या दोन धमन्या तळहातात कमानींनी जोडलेल्या असतात, हे आम्ही वाचलेले होतेच. परंतु काहींच्या हातात ही जोडणी अपुरी असते आणि तिथे रेडियल धमनीत गुठळी झाली तर ते बोटांवर बेतू शकते, याचे गांभीर्य रुग्णाच्या खाटेपाशी आपल्यामुळेच उमगले.

मूठ घट्ट आवळायला लावून दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडल्यावर तळवा पांढरा पडल्याची खात्री करायची आणि मग फक्त अल्नरवरचा दाब सोडून लाली किती सेकंदांत परतते ते मोजायचे, एवढे कोणीही सांगेल. आपण मात्र उघडलेली बोटे सैलच ठेवायला लावलीत, कारण ती ताणली तर रक्तपुरवठा चांगला असूनही तळवा फिका दिसतो. अंगठ्याखालच्या फुगीर भागावरून नजर हटू द्यायची नाही, हेही आपलेच सांगणे. रुग्ण बेशुद्ध असला तर आपण स्वतः त्याचा हात उचलून धरायचात, त्याची मूठ आपल्या मुठीत आवळायचात आणि त्याला ऐकू येत असल्यासारखे काय चालले आहे ते सांगत राहायचात.

एडगर ॲलन यांनी १९२९ साली ही चाचणी मांडली ती धमन्या बंद पडण्याच्या आजारासाठी. आपण वापरतो ते तिचे सुधारित रूप. तिच्या भरवशाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, रक्तदाब उतरलेल्या किंवा गारठलेल्या हातात ती फसवू शकते, हेही आपण लपवले नाहीत. लाली पंधरा सेकंदांतही परतली नाही तर दुसरा हात पाहायचा, शंका उरल्यास डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणारे यंत्र) लावायचा, आणि चाचणी चांगली आली तरी सुई काढल्यावर किमान पाच मिनिटे जागा दाबून धरून नंतर बोटांचा रंग व ऊब पुन्हा पाहायची, हा आपला आग्रह मला त्या चाचणीइतकाच मोलाचा वाटतो.

आता नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना मी हे सारे याच क्रमाने शिकवते आणि कोणाकडून शिकले तेही सांगते. आपले मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
अतिदक्षता विभागातील एक डॉक्टर