पातेलं एकच ठेवलंत, काकू!

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोल्हापूरला परत गेलात, तरी आमच्याकडचा रविवार अजून तुमच्याच हातचा असल्यासारखा वाटतो. मटणावर जीव असलेली, पण पोरांच्या ताटातल्या तेला-मिठाची काळजी लागलेली घरं पुष्कळ आहेत. त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानतेय.

मुलांच्या डॉक्टरांनी तेलकट कमी करायला सांगितलं, तेव्हा घरात मुलांसाठी वेगळं शिजवायचं घाटत होतं. तुम्ही साफ नाही म्हणालात. आजोबांच्या वाटीत तांबडा रस्सा आणि नातवाच्या वाटीत पांचट पाणी असलं, तर नातू आजोबांच्याच वाटीकडे बघणार. सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं खायचं.

सुरुवात तुम्ही अळणीपासून, म्हणजे मटणाच्या बिनतिखटाच्या पातळ रश्श्यापासून केलीत. खाटकाकडून मांडीचं मटण, वरची चरबी काढून. हळद, आलं-लसूण आणि बेताचं मीठ घालून आदल्या दिवशी शिजवायचं आणि गार झालं की फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला असतो, तो चमच्यानं उचलून टाकायचा. चव सगळी खाली रश्श्यात राहते. धाकटीला तर नुसती अळणीच वाटीभर लागते, वर लिंबू पिळून.

पांढऱ्या रश्श्यात तीळ आणि खसखस तुम्ही तशीच ठेवलीत, नारळाचं दूध मात्र निम्म्यावर आणलंत. दाटपणासाठी दुधी उकडून, वाटून घातलात. दुधीचं नाव काढलं की उठून जाणारा माझा मुलगा तोच रस्सा दोनदा मागून घेतो! तांबड्यासाठी सुकं खोबरं तेलात न परतता कोरडंच भाजायचं, तेही थोडं. कांदा-टोमॅटो जाळावर भाजायचे. रंगाला भिजवलेली ब्याडगी, म्हणजे लालभडक दिसतं पण पोरांच्या जिभेला झोंबत नाही. कांदा-लसूण चटणीत मीठ असतंच, म्हणून वरून मीठ घालायच्या आधी चाखायचं, हेही तुमचंच. कटाचा तवंग मोठ्यांनाही आता आठवत नाही.

खिम्याचं तर काय सांगू. निम्मा खिमा आणि निम्मे शिजवलेले मसूर, किसलेलं गाजर, मूठभर मटार. मटणातलं लोह अंगी लागतं, आणि त्याच्या सोबतीनं डाळीतलंही जास्त लागतं, हे तुम्ही किती सोपं करून सांगितलंत. हाच खिमा ज्वारीच्या भाकरीत गुंडाळला की डबा रिकामा घरी येतो.

आणि चिकन लॉलीपॉपचा हट्ट! कातडी काढलेल्या लेगपीसला चिरा देऊन दही, आलं-लसूण, लिंबू आणि भाजलेलं बेसन लावायचं. बेसनामुळे मसाला सुटत नाही. दोन-तीन तास मुरवून झाकण ठेवून तव्यावर, चमचाभर तेलात. शेवटी झाकण काढून आच मोठी करायची. पोरांना कडेचा तो काळपट खरपूस भागच हवा असतो.

तुम्ही आमच्या मुलांचं आवडतं काहीही काढून घेतलं नाहीत, आणि मला त्यांच्यामागे घास घेऊन धावायला लावलं नाहीत. याचे उपकार मोठे आहेत, काकू.

आखाडात याल ना? पायाचं सूप तेवढं शिकायचं राहिलंय. पाये मी आणून, भाजून, साफ करून ठेवते.

तुमची,
शेजारची सूनबाई