खुर्ची उचलून डावीकडे आणलीत, त्याबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई लिहिते. पक्ष्यांच्या सहली आखून देणाऱ्या ताई म्हटलं की ठाण्यात पक्षी बघायला जाणारी मंडळी ओळखतीलच. पण हे पत्र सगळ्यांसमोर लिहायचं, हे मी कझाकस्तानातल्या अल्माटीहून परतताना विमानातच ठरवलं होतं. त्याला दोन महिने झाले. लिहायला बसलं की अण्णांचा तो उघडा तळहात डोळ्यांपुढे यायचा, घसा दाटायचा आणि राहून जायचं.

वाचणाऱ्यांसाठी आधी अण्णांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल सांगते. ते मूळचे मंगळवेढ्याकडचे. काळी जमीन, मालदांडी ज्वारी. शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख १ जून १९६५ लिहिली; गावाकडच्या त्या पिढीत १ जूनवाले घरोघरी सापडतात. १९८७ साली ते ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला लागले आणि ३१ मे २०२५ ला तिथूनच निवृत्त झाले. एवढी सगळी वर्षं धडधडणारा पॉवर प्रेस त्यांच्या उजव्या हाताला होता. उजवा कान जवळजवळ गेलाय. डाव्याने समोरच्याचं बोलणं येतं, पण बारीक, वरच्या पट्टीतलं काही येत नाही. घरात मिक्सर लावला तर कळतं, खिडकीत चिमणी ओरडली तर कळत नाही. कानाचं मशीन घेतलंय, पण गर्दीत त्याने डोकं भणभणतं म्हणून ते बहुतेक वेळा डबीतच असतं.

निवृत्तीला काय करू या, असं विचारल्यावर अण्णा आधी ‘काही नको’ म्हणाले. चार दिवसांनी जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाले, “भोरड्या कुठं जातात ते बघायचंय.”

भोरडी म्हणजे पळसमैना. साळुंकीच्याच कुळातली. अंग फिकट गुलाबी, डोकं आणि पंख काळे, डोक्यावर तुरा. ऑगस्टपासून त्या आपल्याकडे यायला लागतात. ज्वारी चिकात आली की हजारोंनी कणसांवर उतरतात आणि एप्रिलमध्ये निघून जातात. अण्णांचं लहानपण शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभं राहून पाखरं राखण्यात गेलं. भल्या पहाटे गोफण घेऊन जायचं आणि ओरडून ओरडून शाळेच्या वेळेपर्यंत घसा बसवून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही ऐरोलीहून बोटीने खाडीत रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेलो होतो. सगळी बोट फोटो काढण्यात गुंग असताना अण्णांनी तिथल्या मार्गदर्शकाला विचारलं की आमच्या भोरड्या उन्हाळ्यात कुठं असतात हो? तो म्हणाला, मध्य आशियात, कझाकस्तानच्या माळरानांवर. दगडधोंड्यांत घरटी करतात. अण्णांनी तो देशाचा शब्द पाठ करून ठेवला होता.

मग मी चौकशीला लागले. वाशीतल्या एका मोठ्या पर्यटन कंपनीत अण्णांना घेऊन गेले. तिथल्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि सिंगापूर-मलेशियाचं ज्येष्ठ नागरिकांचं पॅकेज पुढे सरकवलं. “यात अर्धा दिवस जुराँग बर्ड पार्क आहे की. त्यांना पक्षीच बघायचेत ना?” ते पार्क जानेवारी २०२३ मध्येच बंद झालं, पक्षी मांडाईच्या नव्या जागेत हलवले, हे मला घरी आल्यावर कळलं. यांच्या छापील पत्रकात मात्र अजून त्याचाच फोटो होता. अण्णांनी विचारलं, “म्हणजे पिंजऱ्यातली का?” तो मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, काय म्हणतायत ते?” अण्णा त्याच्यापासून दोन हातांवर बसले होते.

दुसऱ्या ठिकाणी खास पक्षीनिरीक्षणाच्याच सहली काढतात. त्या गृहस्थांनी अण्णांच्या कानाचं ऐकलं आणि आवाज खाली घेऊन मला म्हणाले, “ऐकू येत नाही तर पक्षी कसे शोधणार? ग्रुपला त्रास होतो हो. त्यांना एखाद्या देवदर्शनाला न्या.” त्यांना वाटलं, हळू बोललं म्हणजे अण्णांना कळणार नाही. पण प्रेस शॉपमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात. परतताना ठाण्याच्या गाडीत अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “राहू दे. गावाला चार दिवस जाऊन येऊ.” घणसोली आलं, रबाळे आलं, ऐरोलीला उतरलो, त्यापुढे एक शब्द नाही. ते गृहस्थ हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगायचंय की तुमचं वाक्य माझ्या वडिलांनी ऐकलं होतं.

त्यानंतर मी तुम्हाला फोन केला, ताई. भोरड्या, गोफण, कान, सगळं एका दमात सांगितलं आणि म्हटलं, मी एकटीच येते भेटायला. तुम्ही म्हणालात, “काकांनाच घेऊन या की. जायचं त्यांना आहे ना?”

घंटाळीजवळची तुमची ती वरच्या मजल्यावरची खोली. तुम्ही टेबलापलीकडे बसला होतात. बोलायला सुरुवात केलीत तशी अण्णांनी सवयीने मान वळवून डावा कान पुढे केला. तुम्ही थांबलात. उठलात, खुर्ची दोन्ही हातांनी उचललीत, टेबलाला वळसा घालून आलात आणि अण्णांच्या डाव्या बाजूला ती ठेवून बसलात. कोणता कान, किती ऐकू येतं, काही विचारलं नाहीत. आवाज चढवला नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. आणि पहिला प्रश्न विचारलात तो हा: “काका, गोफण कशाची असायची? अंबाडीच्या वाखाची?”

अण्णांचा चेहरा कसा उजळला ते तुम्ही समोरून पाहिलंत, मी बाजूने. “अंबाडीचीच वो ताई! वाख भिजवून वळायचा.” पुढचा पाऊण तास ते बोलत होते. चहा निवून गेला. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा अण्णा इतकं बोलले नव्हते.

आणि त्यातच त्यांनी ती गोष्ट सांगितली. बारा-तेरा वर्षांचे असतील. गोफणीचा दगड पाखरांना मारायला नसतो, थवा उठावा म्हणून असतो. पण एक दगड लागला. भोरडी धाटांमध्ये पडली. अण्णांनी उचलली. “गरम होती अजून,” असं म्हणत त्यांनी उजवा हात पुढे केला, तळहात वर, बोटं थोडी मिटलेली, जणू अजून काहीतरी आहे त्यात. “छातीवरचा गुलाबी रंग माझ्या हाताला लागंल असं वाटलं.” त्यानंतर त्या हंगामात ते माळ्यावर चढले नाहीत. पोट दुखतं, पाय दुखतो, काहीबाही सांगत राहिले. ही गोष्ट मी आजवर ऐकली नव्हती. आईलाही माहीत नव्हती. तुम्ही त्या हाताकडे बघत राहिलात आणि मध्ये काही बोलला नाहीत.

बाकीची तयारी तुम्ही कशी केलीत ते लिहीत बसत नाही. भारतीयांना तिथे १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसरं कुणी ‘शंभर टक्के दिसणार’ म्हणालं असतं, तुम्ही मात्र अण्णांना स्पष्ट सांगितलंत, “काका, मी शब्द देणार नाही. टोळ-नाकतोडे जिथे जास्त, तिथे ही पाखरं वसाहत करतात. या वर्षी इथे, तर पुढच्या वर्षी कितीतरी लांब. जूनचे पहिले आठवडे चांगले, पण न दिसताही परत यावं लागेल.” अण्णा म्हणाले, “ज्वारी जिथं, तिथं ती यायची. तसंच की हे.” मला वाटतं, तेव्हाच ते मनाने निघाले होते. आणि १ जूनवाल्या माणसाची निवृत्ती नेमकी भोरड्यांच्या विणीच्या तोंडावर आली, याचं त्यांना फार अप्रूप वाटत होतं. मास्तरांनी बरोबर तारीख घातली, असं कितीदा तरी म्हणाले.

पहाटे अल्माटीच्या विमानतळावर आमच्या नावाचा कागद धरून एक उंच माणूस उभा होता. त्याने हात मिळवला, बॅग घेतली, चार पावलं चालला. मग थांबला, अण्णांच्या मागून फिरून डाव्या बाजूला आला आणि तिकडून चालू लागला. मी जागीच उभी राहिले. गाडीत त्याला विचारलं तेव्हा त्याने फोनवरचा तुमचा निरोप दाखवला. अक्षरं रशियन होती, मला काही वाचता येईना. त्याने अर्थ सांगितला: ‘हे गृहस्थ डाव्या कानाने ऐकतात. डावीकडून बोला. सहल त्यांची आहे, विचारायचं ते त्यांना विचारा.’ ताई, तुम्ही याबद्दल मला एका अक्षराने बोलला नव्हतात.

त्या माणसाचं इंग्रजी तुटकं, अण्णांचं त्याहून. पण यंत्रांच्या धडधडीत अण्णा जन्मभर खुणांनीच बोललेत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघांची स्वतःची भाषा झाली होती. दोन बोटं आडवी म्हणजे तारेवर, मूठ म्हणजे थांब, तळहात खाली म्हणजे गवतात. तारांवर नीलपंख होते, वेड्या राघूच्या कुळातल्या पक्ष्यांचे थवे होते. आवाज न करता अण्णाच आधी दाखवायचे. ‘ग्रुपला त्रास होतो’ हे वाक्य मला तिथे पुन्हा पुन्हा आठवलं आणि दर वेळी डोळे भरून आले.

दोन दिवस भोरडी दिसली नाही. अण्णा काही म्हणाले नाहीत, रात्री शेंगाचटणी आणि आईने दिलेल्या कडक भाकरीवर जेवले आणि झोपले. तिसऱ्या दिवशी आम्ही अल्माटीच्या पश्चिमेला, किर्गिझस्तानातल्या बिश्केककडे जाणाऱ्या रस्त्याने निघालो. एका डोंगरउतारावर नुसते दगड, मधून वाळत चाललेलं गवत. गाडी लांब थांबवली. आणि मग दगडच हलल्यासारखे वाटले. शेकडो भोरड्या. चोचीत नाकतोडे घेऊन येत होत्या, दगडांच्या फटींत शिरत होत्या, रिकाम्या चोचीने बाहेर पडत होत्या. इतका गुलाबी रंग मी पक्ष्यावर कधी पाहिला नव्हता. विणीच्या दिवसांत तो जास्तच गडद होतो. आतून पिल्लांचा नुसता कालवा.

अण्णांनी दुर्बीण डोळ्यांना लावून खूप वेळ पाहिलं. मग मला विचारलं, “आवाज आहे का गं?”
म्हटलं, “खूप आहे, अण्णा.”
“गावाकडं आधी आवाजच यायचा. मग थवा.” थोडं थांबून म्हणाले, “तू ऐक नीट. रात्री सांग मला.”

आमच्या त्या सोबत्याने सांगितलं की पलीकडे चीनच्या शिनजियांगमध्ये भोरड्यांनी घरटी करावीत म्हणून तिथले लोक मुद्दाम दगड रचून ठेवतात, कारण त्या टोळ खातात. मी अण्णांना त्यांच्या डाव्या कानाशी मराठीत सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, “रचून ठेवतात.” दुर्बीण गळ्यात सोडली, खाली बसले. उजवा हात गुडघ्यावर होता. तळहात वर, बोटं थोडी मिटलेली. तुमच्या खोलीत होता तसाच. मी फोटो काढला नाही.

तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळतंय. बँकेत अण्णांच्या खात्याबद्दल मला विचारतात. डॉक्टर अण्णांच्या छातीला नळी लावून ‘यांना दम लागतो का’ हे मला विचारतात. लग्नकार्यात लोक त्यांना लांबून हात दाखवतात आणि पुढे जातात. यातला कुणी वाईट नाही. मी स्वतः कितीदा त्यांच्या वतीने उत्तरं दिलीत, दोन खोल्यांच्या घरात उजवीकडून हाका मारल्यात आणि मग चिडलेय. तुम्ही खुर्ची उचललीत त्याला दहा सेकंद लागली असतील. जगात अशी माणसं आहेत, एवढं कळलं तरी रोजच्या धकाधकीत खूप आधार वाटतो. आमच्या सोसायटीतला वॉचमन आहे, तो अण्णा दिसले की काठी खाली ठेवून डावीकडे येतो आणि मग विचारतो, ‘जेवलात का?’ हे इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं, आता आलं. आमच्याही घरात फरक पडलाय. जेवताना आईने जागा बदलली, ती आता अण्णांच्या डावीकडे बसते.

तर ताई, मनापासून आभार. याहून मोठा शब्द मला सापडत नाही.

आता ऑगस्ट संपत आलाय. अण्णा रोज सकाळी गॅलरीत उभे असतात. ऐरोलीत भोरड्या कुठून येणार म्हणा, पण गावाकडे माझ्या चुलतभावाला फोन करून विचारतात, “आली का रं?” परवा आली म्हणाला, वीस-पंचवीस होत्या, लिंबावर.

गॅलरीतच बसून त्यांनी तुमच्यासाठी एक गोफण वळलीय. अंबाडी मिळाली नाही म्हणून गावाहून घायपाताचा वाख मागवला. भिंतीवर लावायला आहे, दगड घालायचा नाही, असा निरोप आहे. सोबत मालदांडीचं पीठही आणतोय. रविवारी अकराच्या सुमारास येऊ. खोलीवर असाल ना?

तुमची,
अण्णांची मुलगी
ऐरोली