गिरणीच्या आवारातली रातपाळी : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

लोअर परळ, महालक्ष्मी, वरळी या पट्ट्यातल्या जुन्या गिरण्यांच्या आवारात जे पब आणि नाइटक्लब चालतात, त्यांच्याविषयी हे पत्र आहे. मी या क्लबांमध्ये साउंडचं काम करतो. वडील डिलाइल रोडला राहायचे आणि गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. क्लब बंद करा, संस्कृती बुडाली, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझं घर या क्लबांवर चालतं आणि चांगल्या आवाजाच्या, चांगल्या गर्दीच्या रात्री मला मनापासून आवडतात. माझी मागणी एकच आहे. या जागांमध्ये रात्री जमणाऱ्या माणसांच्या जिवाची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर, त्याच्या एका सहीवर आणा.

28 डिसेंबर 2017 ची रात्र उलटून साडेबाराच्या सुमारास कमला मिल कंपाउंडात आग लागली आणि 14 जण गेले. त्यांत बायका जास्त होत्या. वाढदिवस साजरा करायला आलेली मंडळी होती. बरेच जण धुरापासून वाचायला स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. ठिणगी हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडाली, असं अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आलं. लोक आजही 'कमला मिलची आग' म्हणतात, पण जळाली ती गिरणी नव्हती. गिरणीच्या आवारातल्या एका व्यापारी इमारतीची, पेट घेईल अशा सामानाने आच्छादलेली गच्ची जळाली. त्याच्या दोनच महिने आधी महापालिकेने गच्चीवरच्या हॉटेलांचं धोरण मंजूर केलं होतं.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती ए. व्ही. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2018 मध्ये तिचा अहवाल आला. पबमालक, आवाराचे मालक आणि परवाने देणारी सरकारी खाती, अशा सगळ्यांवर त्यात ठपका होता. त्या अहवालातल्या कोणत्या शिफारशी अमलात आल्या आणि कोणत्या फायलीत राहिल्या, हे शासनाने एका कागदावर लिहून लोकांसमोर ठेवावं.

आता थोडं मागे जातो, कारण माझ्या मागणीचं मूळ तिथे आहे.

कापूस पेटायला वेळ लागत नाही, हे गिरणी बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून जिन्याच्या मनोऱ्यावर पाण्याच्या टाक्या असत, आवारात तलाव असे. करवतीच्या दात्यांसारख्या त्या छपरांना उत्तरेकडून काचा असत, म्हणजे ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळे. आणि इमारतीइतकाच कायदाही जागा होता. 1948 च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं की खात्यात माणूस असेपर्यंत बाहेर जायच्या दाराला कुलूप घालायचं नाही, आणि दार सरकतं नसेल तर ते बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. हे बघायला कारखाने निरीक्षक होता. गिरण्यांत सगळं आलबेल होतं असं मी म्हणत नाही. कापसाच्या तुसाने किती कामगारांची छाती निकामी केली, ते आमच्या चाळीने पाहिलंय. पण दाराचा प्रश्न आला तर कोणाला विचारायचं, हे कामगाराला माहीत होतं.

त्याच भिंतींच्या आत आज क्लब असेल तर कोणाला विचारायचं? दारूचा परवाना राज्य उत्पादन शुल्क खात्याचा. खाण्याचा परवाना महापालिकेच्या आरोग्य खात्याचा. गाण्याबजावण्याची परवानगी पोलिसांची. बांधकाम इमारत प्रस्ताव विभागाकडे, आगीचं 'ना हरकत' अग्निशमन दलाकडे. प्रत्येकाची फाईल आपापल्या जागी बरोबर असते, आणि दुर्घटना झाली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या फाईलकडे बोट दाखवतो. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा 'ब' नमुन्यातला दाखला द्यावा लागतो. तो देते खाजगी परवानाधारक एजन्सी, आणि तिला पैसे देतो जागेचा मालक किंवा ती जागा चालवणारा. ज्याच्याकडून बिल वसूल करायचं, त्याच्याच चुका काढायच्या, हे किती दिवस चालणार?

मी रोज जे बघतो ते सांगतो. जागेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका जागेचा नाही. पत्र्याच्या किंवा उंच छपराच्या जुन्या शेडमध्ये आवाज फार घुमतो. तो मारण्यासाठी छताला आणि भिंतींना काहीतरी लावावं लागतं. त्यासाठी रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, मिळतं, ते पेट घेत नाही, पण महाग पडतं आणि बसवायला वेळ खातं. साधा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम एका दुपारी गोंदाने चिकटवून होतो. हा फोम पेटला की त्याचा धूर काही श्वासांत माणसाला आडवा करतो. अशा एका शेडमध्ये मी काम करत होतो. छपराच्या उत्तरेकडच्या काचा आतून काळ्या रंगवून वर प्लाय ठोकलं होतं, कारण दिवसा कार्यक्रम असला की प्रकाशयोजनेत उजेड आड येतो. म्हणजे धूर वर जाऊन बाहेर पडायची छपरातली वाटही बंद. स्टेजमागे एक दार होतं, वर 'एक्झिट'चा हिरवा दिवाही व्यवस्थित जळत होता. दाराला मात्र टेकून ठेवले होते बिअरचे क्रेट आणि माझ्याच स्पीकरच्या रिकाम्या पेट्या. मी पेट्या हलवायला लावल्या. क्रेट हलवायला मॅनेजर तयार नव्हता. 'इन्स्पेक्शन झालंय गेल्या महिन्यात,' म्हणाला. खोटं बोलत नव्हता. इन्स्पेक्शन झालंच होतं, दिवसा, हॉल रिकामा असताना.

कमला मिलनंतर महापालिकेने अग्निसुरक्षा तपासणीसाठी वेगळा कक्ष काढला, ही चांगली गोष्ट झाली. पण शनिवारी रात्री साडेअकराला, हॉल भरलेला असताना, आत किती माणसं आहेत आणि मागचं दार उघडतंय का, हे बघायला यायचं असा दंडक घालून द्या. रिकाम्या क्लबची तपासणी म्हणजे उभ्या गाडीचे ब्रेक बघण्यासारखं आहे.

आणि माणसं म्हणजे फक्त गिऱ्हाईक नव्हे. पूर्वी या आवारांत रातपाळी गिरणीची होती, आता ती क्लबची आहे. कुक, वेटर, बारमन, बाउन्सर, भांडी घासणारी पोरं, आम्ही लाइट-साउंडवाले. गिऱ्हाईक दोन-तीन तास थांबतं, आम्ही संध्याकाळी चारपासून आत असतो, आणि स्वयंपाकघर बहुधा सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात असतं. डिसेंबर 2025 मध्ये गोव्यात हडफडे इथे नाइटक्लबला आग लागून 25 जण मेले, त्यांतले बहुतेक तिथले कर्मचारी होते. ती जागा गिरणी नव्हती, पण मेली ती रातपाळीचीच माणसं. आपल्याकडे किती क्लबांत कर्मचाऱ्यांना आग लागल्यावर काय करायचं हे प्रत्यक्ष करून दाखवतात? एवढ्या वर्षांत माझ्याकडून तरी कोणी असा सराव करून घेतलेला नाही.

जुन्या औद्योगिक इमारतीत क्लब चालवणं मुळातच चुकीचं आहे, असं कृपया समजू नका. बर्लिनमध्ये फ्रीडरिक्सहाइन भागात रेल्वेचा दुरुस्ती कारखाना होता, 1867 सालचा. आज त्याच्या शेडांमध्ये क्लब आणि मैफलीच्या जागा आहेत. त्याच भागात 'बर्गहाइन' हा क्लब आहे, पूर्वीच्या वीज-उष्णता केंद्रात. 'ट्रेझॉर' हा क्लब 2007 पासून अशाच एका जुन्या वीजकेंद्रात आहे. मे 2021 मध्ये जर्मन संसदेने ठराव केला की क्लबांना जुगारखान्यांच्या रांगेत न बसवता सांस्कृतिक स्थळं मानावं. आपल्याकडेही मथुरादास मिलच्या आवारात 2007 मध्ये लाइव्ह संगीताचं 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. तिथे बसून मी माझं निम्मं काम शिकलो. बाहेरगावचे, परदेशातले वादक यायचे, आणि आवाज कसा असावा ते मुंबईला कळलं. 2016 मध्ये ते बंद झालं. उंच छप्पर, जाड भिंती, शेजारी राहती घरं नाहीत, अशी जागा संगीताला शहरात दुसरीकडे मिळत नाही. ती नीट जपली तर तिच्यासारखी जागा नाही.

पण आपण जपली काय? 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरवली होती : मोकळी जागा, सामान्यांची घरं आणि मालक. 2001 मध्ये बदल करून ही वाटणी फक्त आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते टिकलं. मग शेडा पाडायची आणि टॉवर उभे करायची घाई झाली. घरांसाठी दीड लाखाहून जास्त गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले आहेत, आणि त्यांना दाखवलं जातंय मुंबईबाहेरचं शेलू-वांगणी. ही जखम वेगळी आहे, तिच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. इथे इतकंच म्हणतो की ज्या भक्कम इमारती क्लबचं वजन पेलू शकत होत्या त्या गेल्या, आणि क्लब कचेऱ्यांच्या मजल्यांवर आणि गच्च्यांवर चढले.

उत्पादन शुल्क आणि गृह ही खाती नगरविकासात येत नाहीत, हे मी जाणतो. पण विकास नियंत्रण नियमावली, महापालिका आणि अग्निशमन सेवा नगरविकासाच्या अखत्यारीत आहेत, त्यामुळे सुरुवात आपणच करू शकता. मूळ वापर बदलून रात्री गर्दी जमवणाऱ्या जागांसाठी नियमावलीत वेगळा प्रकार करा. त्याचा परवाना एकच असू द्या, आणि तो देणारा अधिकारी नावानिशी जबाबदार असू द्या. दारूचा परवानाही त्याच्याशी बांधा, म्हणजे आगीचा दाखला संपला की त्या रात्रीपासून बार बंद. आगीचा दाखला देणारी एजन्सी मालकाने निवडू नये, महापालिकेने चिठ्ठी काढून नेमावी आणि तिची फी महापालिकेमार्फतच द्यावी. छतात काय लावलंय याची नोंद परवान्यातच हवी. गिरणगावात उरलेल्या शेडांची यादी करा, आणि त्यांच्या छपराच्या काचा बंद करायला किंवा वर मजला चढवायला मनाई करा.

आणि प्रत्येक दारावर एक फलक लावायला लावा, मराठीत, चार बोटं उंचीच्या अक्षरांत : आत जास्तीत जास्त किती माणसं, बाहेर पडायची दारं किती आणि कुठे, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबर. या फलकाला कायदा बदलावा लागत नाही. महापालिकेचं एक परिपत्रक पुरतं. आत ठरलेल्या आकड्यापेक्षा एक माणूस जास्त दिसला तर दारावरचा बाउन्सरसुद्धा ते वाचून पुढच्याला थांबवू शकेल, आज त्याच्या हातात मॅनेजरच्या शब्दाशिवाय काहीच नसतं.

31 डिसेंबरच्या गर्दीची बुकिंगं आमच्याकडे ऑक्टोबरपासून सुरू होतात. परिपत्रक त्याआधी निघालं तर फलक यंदाच लागतील. आपल्या कार्यालयाने बोलावलं तर मी आणि माझ्याबरोबर काम करणारे साउंडवाले, लाइटवाले, बारमन येऊन कुठल्या प्रकारच्या जागेत नेमकं काय बघायचं ते समजावून सांगू. दिवसा नको, रात्री चला, आम्ही बरोबर येतो.

आपला नम्र,
लोअर परळमधला एक साउंड इंजिनीअर